रॉबर्ट गिल
मेजर रॉबर्ट गिल (२६ सप्टेंबर, १८०४ – १० एप्रिल, १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार आणि छायाचित्रकार होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती प्रथम त्यांनी तयार केल्या. पश्चिम भारतातील लेणी व मंदिरे यांची आरंभीची महत्त्वाची छायाचित्रेही त्यांनीच घेतली. अंधाऱ्या जागेत छायाचित्र काढण्यासाठी कृत्रिम प्रकाशाचे कोणतेही साधन हाताशी नसतानाच्या काळात त्यांनी लेण्यांच्या अंतर्भागात काम केले. त्यामुळे छायाचित्रणाच्या इतिहासातही त्यांचे स्थान वेगळे आहे.

पार्श्वभूमी
वाघूर नदीच्या नालाकृती दरीत कोरलेली अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. तेव्हा हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेण्यांना भेट दिली. पाण्याचा पाझर, वटवाघळे आणि माणसांची हेळसांड यांमुळे भित्तिचित्रे झपाट्याने नष्ट होत होती. त्यांच्या प्रती वेळीच करून ठेवाव्यात, असा आग्रह फर्ग्युसन यांनी धरला. कंपनीने तो मान्य केला आणि या कामी गिल यांची नेमणूक झाली.

अजिंठ्यातील कार्य
गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या कामास लागले. लेण्यांपासून काही अंतरावर असलेल्या अजिंठा गावातील बारादरीत त्यांचे वास्तव्य होते. काम काही वर्षांत संपेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे चालले. दाट जंगल, वाघांचा वावर, हिवताप आणि साधनांची टंचाई हे अडथळे होतेच, परंतु सर्वांत मोठा अडथळा अंधाराचा होता. खांबांच्या ओळींमागील भिंतींपर्यंत दिवसाचा उजेड अगदी थोडा वेळ आणि तोही मंद पोहोचतो. चित्रकाराला उजेडाची वाट पाहता येते, एकच भाग पुन:पुन्हा न्याहाळता येतो. गिल यांनी अशा रीतीने सुमारे तीस तैलचित्र-प्रतिकृती पूर्ण करून इंग्लंडला रवाना केल्या.

छायाचित्रणाकडे वळण
१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिल यांनी कॅमेऱ्याचा वापर सुरू केला. त्या काळी ओल्या कोलोडिऑनची पद्धत रूढ होती. काचेवर कोलोडिऑनचा थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी रसायनांनी ते प्रकट करायचे, असा हा क्रम होता. साहजिकच अंधारखोलीचा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या छायाचित्रकारासोबत ठेवाव्या लागत.

लेण्यांत ही पद्धत दुहेरी अडचणीची ठरे. अपुऱ्या उजेडामुळे काच कॅमेऱ्यात दीर्घ काळ उघडी ठेवावी लागे, तर दख्खनच्या उन्हाळ्यात ती काही मिनिटांतच वाळू लागे. शिवाय कोलोडिऑनची काच प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला संवेदनशील असे. तांबडा व पिवळा रंग तिच्यावर जवळजवळ काळा उमटे. अजिंठ्याच्या चित्रांत गेरू आणि पिवळी माती यांचेच प्राबल्य असल्याने उजेड मिळाला तरी भित्तिचित्रे छायाचित्रात नीट येणे कठीण होते. म्हणून गिल यांच्या कामाची जणू विभागणी झाली. रंगांसाठी कुंचला, तर शिल्प व वास्तूसाठी कॅमेरा. दर्शनी भाग, ओसऱ्या, चैत्यगवाक्षातून उजळणारी सभागृहे आणि दारालगतचे खांब हे त्यांच्या छायाचित्रांचे मुख्य विषय होत. त्यांनी वापरलेला दोन भिंगांचा स्टिरिओस्कोपिक कॅमेरा आकाराने लहान असल्याने त्याला तुलनेने कमी वेळ पुरे. त्याची जोडचित्रे दर्शकातून पाहिली असता खोलीचा भास होतो.

१८६४ साली त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनहून प्रसिद्ध झाली. ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ या पुस्तकात ७४ छायाचित्रे आहेत, तर दुसऱ्या पुस्तकात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्गाची १०० स्टिरिओस्कोपिक चित्रे आहेत. वेरूळ, लोणार इत्यादी स्थळीही त्यांनी छायाचित्रे घेतली.

कृत्रिम प्रकाशाचा उदय
ज्या वर्षी ही पुस्तके निघाली त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मॅग्नेशिअमची तार जाळून छायाचित्रे घेण्यास प्रारंभ झाला. १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या अंतर्भागात हाच प्रकाश वापरला. मात्र जळत्या मॅग्नेशिअमचा पांढरा धूर बंद जागेत कोंडून राहत असे. १८८७ मध्ये जर्मनीत क्षणार्धात पेटणारी फ्लॅशची भुकटी तयार झाली. १९३० च्या सुमारास काचेचा फ्लॅश-बल्ब आणि त्यानंतर विद्युत् फ्लॅश आला. गिल यांच्या पुस्तकांतील छायाचित्रे या साऱ्याच्या आधीची, केवळ सूर्यप्रकाशावर घेतलेली आहेत.

प्रतिकृतींचा नाश
गिल यांच्या प्रतिकृती लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित करण्यात आल्या होत्या. ३० डिसेंबर, १८६६ रोजी त्या इमारतीच्या उत्तर भागाला आग लागली आणि बहुतेक प्रतिकृती जळून गेल्या. तेथे नसलेल्या मोजक्याच वाचल्या. त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रती केल्या; त्यांतील बऱ्याच प्रतीही १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. दोन दशकांच्या चित्रसाधनेपैकी थोडेच शिल्लक राहिले. छायाचित्रे मात्र पुस्तकरूपाने अनेक प्रतींत छापली गेल्याने टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेण्यांची स्थिती कशी होती, हे जाणण्यासाठी ती आजही उपयोगी पडतात.

अखेरचे दिवस
प्रतिकृतींच्या नाशानंतरही गिल यांनी हा परिसर सोडला नाही. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. पारो या स्थानिक तरुणीवरील त्यांच्या प्रेमाची कथा परिसरात सांगितली जाते. १८५६ साली मृत्यू पावलेल्या पारोची कबर अजिंठा गावात आहे. या कथेवर ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले. त्यावर आधारित याच नावाचा नितीन चंद्रकांत देसाई दिग्दर्शित मराठी चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला.

वारसा
अजिंठा लेण्यांचा १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. प्रखर प्रकाशाच्या वारंवार माऱ्याने प्राचीन रंगांची हानी होऊ नये म्हणून चित्रे असलेल्या लेण्यांत आता फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि आतील दिवेही मंद ठेवलेले असतात. फ्लॅश अस्तित्वात नसताना गिल यांना ज्या मर्यादेत काम करावे लागले, ती मर्यादा आजचा छायाचित्रकार चित्रांच्या रक्षणासाठी पाळतो. दीर्घ काळ उघडे ठेवलेले भिंग आणि उपलब्ध उजेडाची प्रतीक्षा हीच तेथील छायाचित्रणाची योग्य रीत मानली जाते.