तांबे, शिळा आणि लाकूड

मुद्राचित्रणाच्या वर्गात नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकतो. येथे हात आणि चित्र यांच्यामध्ये तिसरे काहीतरी उभे असते. कधी तो तांब्याचा पत्रा असतो, कधी शिळा, तर कधी लाकडाचा ठोकळा. पत्र्यावर डावीकडे काढलेले कागदावर उजवीकडे उमटते आणि प्रत छापून हाती येईपर्यंत आपण नेमके काय केले आहे याची खात्री नसते. जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्झ हिने या तिसऱ्या घटकाशी आयुष्यभर झुंज घेतली. युद्ध, उपासमार आणि मातृशोक यांची चित्रे काढणारी म्हणून ती जगाला ठाऊक आहे. परंतु आयुष्यातल्या प्रत्येक मोठ्या विषयापाशी ती नव्याने विद्यार्थिनी झाली, याची आठवण क्वचितच काढली जाते.

केटेचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी पूर्व प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे झाला. हे शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. वडील कार्ल श्मिट कायद्याचे शिक्षण घेतलेले. पण राजकीय मतांमुळे त्यांनी ती वाट सोडून बांधकामाचा व्यवसाय पत्करला होता. आईचे वडील युलियुस रुप हे धर्मगुरू. अधिकृत चर्चशी मतभेद झाल्यावर त्यांनी स्वतंत्र धर्मसंघ स्थापन केला. अशा घरात मुलीच्या हातातली कला हेरली गेली आणि तिला वाढवलेही गेले. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी तिला गावातल्या रुडॉल्फ माउअर या ताम्रपट कोरणाऱ्या कलावंताकडे चित्रकला शिकायला पाठवले.

पुढचे शिक्षण मात्र सोपे नव्हते. कला अकादमीचे दरवाजे तेव्हा स्त्रियांना बंद होते. बर्लिनच्या अकादमीत मुलींना प्रवेश मिळायला १९१९ साल उजाडावे लागले. म्हणून केटेने आधी बर्लिनमध्ये आणि मग १८८८ पासून म्युनिकमध्ये, स्त्रियांसाठी वेगळ्या चालणाऱ्या कलाशाळांत शिक्षण घेतले. बर्लिनमधले शिक्षक कार्ल श्टाउफर-बर्न यांनी तिच्या रेखाटनांतले बळ ओळखले आणि तिला माक्स क्लिंगर याच्या मुद्राचित्रांच्या मालिकेकडे वळवले. म्युनिकमध्ये रंगांशी आपले फारसे जमत नाही, हे तिच्या ध्यानी आले. जगण्याची काळी बाजू दाखवायची तर रेषा आणि काळा-पांढरा मेळच योग्य, हे क्लिंगरचे प्रतिपादन वाचून तिला दिशा सापडली.

ती वळली एचिंगकडे, म्हणजे अम्लरेखनाकडे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर सुईने रेघा ओढायच्या. मग पत्रा अम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेघा खाल्ल्या जातात. मेण काढून पत्र्याला शाई चोळायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून यंत्राच्या रुळांखालून काढायचा. ऐकायला सोपी वाटणारी ही प्रक्रिया प्रत्यक्षात फसवी असते. अम्लात पत्रा क्षणभर जास्त राहिला तरी नाजूक रेघ जाड होते.

१८९१ मध्ये केटेने डॉक्टर कार्ल कोलवित्झ यांच्याशी विवाह केला. बर्लिनच्या उत्तरेकडील कामगार वस्तीत त्यांचा दवाखाना होता. दवाखान्यात येणाऱ्या बायकांचे थकलेले चेहरे केटेला रोज दिसत. १८९२ मध्ये हान्स आणि १८९६ मध्ये पेटर हे मुलगे झाले. दरम्यान १८९३ साली तिने गेऱ्हार्ट हाउप्टमान याचे सायलेशियातील विणकरांच्या १८४४ च्या उठावावरील नाटक पाहिले आणि हातातले काम बाजूला ठेवून त्याच विषयावर मालिका करायला घेतली. सहा चित्रांच्या या मालिकेला जवळजवळ चार वर्षे लागली. त्यांतली पहिली तीन चित्रे शिळाछाप आहेत आणि उरलेली तीन एचिंग. यामागे सौंदर्याचा काही विचार असावा असे पाहणाऱ्याला वाटते. खरे कारण वेगळे होते. एचिंगवर तिचा हात अजून बसला नव्हता आणि पहिले प्रयत्न फसले होते. म्हणून तिने शिळाछापाचा आधार घेतला. त्यात तेलकट खडूने दगडावर काढलेले चित्र, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणावर छापले जाते.

१८९८ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ही मालिका लागली. ज्येष्ठ चित्रकार आडोल्फ मेंझेल ज्या निवड समितीत होते तिने सुवर्णपदकाची शिफारस केली. सम्राट दुसरा विल्हेल्म याने ती फेटाळली. तरी केटेचे नाव झाले. ज्या प्रकारच्या स्त्रियांच्या शाळेत ती शिकली, तशाच बर्लिनमधील शाळेत तिने पुढे काही वर्षे शिकवले. सोळाव्या शतकातल्या शेतकऱ्यांच्या बंडावरील पुढची मालिका तिने १९०८ पर्यंत पुरी केली. तिच्यात सुईच्या रेघेबरोबर राळेच्या भुकटीने साधलेल्या करड्या छटा आहेत, तसेच मऊ मेणावर कापड दाबून उमटवलेला पोतही आहे. अडखळत शिकलेली विद्यार्थिनी आता या माध्यमातली तज्ज्ञ झाली होती.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. अठरा वर्षांच्या पेटरला स्वयंसेवक म्हणून सैन्यात जायचे होते. तो सज्ञान नसल्याने वडिलांची संमती आवश्यक होती आणि कार्ल ती देण्यास तयार नव्हते. केटेने मुलाची बाजू घेतली आणि पतीचे मन वळवले. ऑक्टोबर १९१४ मध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला. आपल्या शब्दामुळे मुलगा गेला, ही जाणीव तिला पुढे कधीच सोडून गेली नाही.

युद्धाविषयी चित्रे काढायची होती. पण हातात असलेले तंत्र अपुरे पडत होते. जानेवारी १९१९ मध्ये कार्ल लीबक्नेख्त या समाजवादी नेत्याची हत्या झाली. कुटुंबाच्या विनंतीवरून केटेने शवागारात जाऊन त्याची रेखाटने केली. त्यांवरून तिने आधी एचिंग केले, मग शिळाछाप करून पाहिले. दोन्हींनी समाधान झाले नाही. १९२० च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनात तिला एर्न्स्ट बारलाख याची काष्ठचित्रे दिसली आणि पन्नाशी ओलांडलेली, अकादमीची पहिली स्त्री सदस्य म्हणून आदल्या वर्षीच निवडली गेलेली ही कलावती लाकूड कोरायला शिकू लागली.

काष्ठचित्रात जे पांढरे हवे ते खणून काढायचे आणि उरलेल्या उंच भागाला शाई लावायची. एचिंगचा पत्रा पुन्हा घासता येतो, अम्लात पुन्हा बुडवता येतो. लाकडातून एकदा निघालेला ढलपा परत बसत नाही. येथे छटांचा आडोसा नाही. काळे आणि पांढरे, एवढेच. १९२२ पर्यंत तिने युद्धावर सात काष्ठचित्रे पूर्ण केली. त्यांत रणांगण नाही, तोफ नाही, शत्रूही नाही. पहिल्या चित्रात एक आई आपले तान्हे मूल दोन्ही हातांनी पुढे करते आहे. दुसऱ्यात तरुण मुले मृत्यूच्या ढोलामागे निघाली आहेत. तिसऱ्यात गुडघ्यांवर कोसळलेले आईबाप एकमेकांत मिसळून एकच काळा ढीग झाले आहेत. पहिल्या चित्रातल्या आईकडे पाहताना पेटरच्या संमतीची गोष्ट विसरता येत नाही. तिने दोष दुसऱ्या कोणावर टाकला नाही.

पुढे १९२८ मध्ये अकादमीत मुद्राचित्रणाचा वरिष्ठ वर्ग तिच्याकडे सोपवला गेला. ज्या संस्थेत तिला विद्यार्थिनी म्हणून जागा नव्हती, तेथे ती गुरू झाली. हे भाग्य पाच वर्षेच टिकले. हिटलरविरोधी पक्षांनी एकत्र यावे या आवाहनावर सही केल्यामुळे १९३३ मध्ये तिला अकादमी सोडावी लागली. काही वर्षांत तिची चित्रे प्रदर्शनांतूनही नाहीशी झाली. मृत्यूवरील आठ चित्रांची अखेरची मालिका करताना ती पुन्हा शिळाछापाकडे परतली. १९४० मध्ये पती गेले. १९४२ मध्ये पेटरचेच नाव लावणारा नातू रशियाच्या आघाडीवर पडला. त्याच वर्षीच्या तिच्या शेवटच्या शिळाछापात एक म्हातारी आई आपल्या हातांच्या छपराखाली तीन मुलांना दाबून धरते आहे; मुले बाहेर डोकावू पाहत आहेत आणि ती त्यांना जाऊ देत नाही. १९१४ मध्ये दिलेली संमती तिने अठ्ठावीस वर्षांनी अशी दगडावर मागे घेतली.

१९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचे घर नष्ट झाले. २२ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला पंधरा-सोळा दिवस उरले असताना, ड्रेस्डेनजवळच्या मोरिट्झबुर्ग येथे केटे कोलवित्झचे निधन झाले. तिची मुद्राचित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांपुढे उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला तंत्राची अनेक रहस्ये तेथे वाचता येतात. पण सांगायचे काय आहे, हे उमजल्यावरच कोणते हत्यार उचलायचे ते ठरते, हा त्यांतला सर्वांत कठीण धडा आहे.