तीर्थांचा धांडोळा घेणारे महामहोपाध्याय

चिपळूणहून परशुरामाचा घाट चढू लागले, की वाशिष्ठीचे खोरे हळूहळू खाली राहते आणि डोंगराच्या कुशीतले परशुरामाचे देवालय जवळ येते. याच पेढे-परशुराम परिसरात ७ मे १८८० रोजी पांडुरंग वामन काणे यांचा जन्म झाला. वडील दापोलीला वकिली करीत. शालेय शिक्षण तेथेच झाले, पुढचे मुंबईत. १९०४ पासून तीन वर्षे ते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. १९११ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनाला प्रस्तावना लिहावी, एवढ्याच हेतूने सुरू झालेले काम पुढे पाच खंडांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’पर्यंत पोचले. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. पृष्ठे सहा हजारांहून अधिक. पोटाचा जुना विकार सांभाळत एकट्या माणसाने हे केले, यावर आज विश्वास बसणे कठीण आहे.

१९५३ च्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवर विस्तृत विवेचन आहे. स्थळे पवित्र का मानली गेली, याचा शोध काणे वेदकाळापासून घेतात. पर्वतांच्या दऱ्यांत आणि नद्यांच्या संगमावर ज्ञानी जन्मतो, अशा आशयाची ऋग्वेदातील ऋचा त्यांच्या या विवेचनात येते. रत्नागिरीकरांना ही कल्पना परकी नाही. आपल्या कसबा संगमेश्वरीही अलकनंदा आणि वरुणा या नावांच्या नद्या मिळतात आणि तेथे कर्णेश्वराचे प्राचीन देवालय उभे आहे. देवप्रयागला भागीरथीला भेटणाऱ्या हिमालयीन नदीचे नाव सह्याद्रीच्या पायथ्याशी यावे, यातच यात्रेची ओढ दिसते.

यज्ञाला द्रव्य आणि साहित्य लागते, ते दरिद्री माणसाने कोठून आणावे? तीर्थयात्रा मात्र त्यालाही साधते, म्हणून ती यज्ञाहून श्रेष्ठ, असे महाभारताचे म्हणणे. काण्यांनी ते नोंदवलेच; शिवाय मन, हात आणि पाय ज्याच्या ताब्यात आहेत त्यालाच फळ, ही अटही नोंदवली. वाहनाने गेल्यास पुण्य घटते का, तीर्थावर मुंडन कोणी व किती करावे, यांवरचे निबंधकारांचे बारीक वादही त्यांनी तपासले. खंडाच्या अखेरीस तीर्थांची प्रदीर्घ सूची आहे. यात्रेकरू नव्हे, तर अभ्यासकच ती शेवटपर्यंत वाचू शकेल!

मुंडनाचा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ पोथीतला नव्हता. विधवांच्या केशवपनाला प्राचीन आधार नाही, हे त्यांनी धर्मशास्त्राच्याच साधनांनी दाखवले होते. पंढरपुरात केस राखलेल्या ब्राह्मण विधवेच्या विठ्ठलपूजेच्या हक्काचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा काण्यांनी एक पैही न घेता तिची बाजू लढवली. शास्त्राचा एवढा अधिकारी पुरुष त्या बाईच्या पाठीशी उभा राहिला, ही गोष्ट त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठी वाटते.

मानसन्मान आलेच. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राज्यसभा आणि १९६३ मध्ये भारतरत्न. तत्पूर्वी १९५६ मध्ये साहित्य अकादमीने संस्कृत विभागाचा पुरस्कार दिला, तो नेमका या तीर्थविवेचनाच्या चौथ्या खंडाला. १९७२ मध्ये, वयाच्या ब्याण्णव्या वर्षी त्यांचे निधन झाले.