तांबेरा उन्हाळ्यात जातो कुठे?

मे महिन्यातला अकोला डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांच्या आसपास, काळी जमीन भेगाळलेली, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. या उन्हात गव्हावरच्या तांबेऱ्याचे बीजाणू जगत नाहीत. मग हिवाळ्यात अकोला-अमरावतीच्या गव्हावर तो परत येतो कुठून?

हाच प्रश्न करमचंद मेहता यांनी जन्मभर धरून ठेवला. १८९२ मध्ये अमृतसरला जन्मलेले मेहता आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. केंब्रिजहून संशोधन करून आले आणि १९२३ पासून तांबेऱ्याच्या मागे लागले. आग्र्याचा उन्हाळाही आपल्यासारखाच भाजून काढणारा, हे लक्षात घ्या.

तांबेरा ही बुरशी. पानावर, खोडावर बारीक फोड येतात. बोट फिरवलं की विटकरी पूड लागते. तेच तिचे बीजाणू. वाऱ्यावर उडतात, ओलसर पानावर पडले की रुजतात. रोपाचं अन्न बुरशी खाते आणि दाणा चिमून जातो.

तेव्हाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत एक उत्तर तयार होतं: काळा तांबेरा बार्बेरीच्या झुडपावरून गव्हावर येतो. अमेरिकेत तर १९१८ पासून ही झुडपं उपटायची मोहीमच चालली. आपल्या हिमालयातही बार्बेरी आहे. पण मेहतांनी ते उत्तर जसंच्या तसं घेतलं नाही. डोंगरांतली शेतं तपासली, चिकट काचपट्ट्या ठेवून हवेतले बीजाणू पकडले. बीजाणू थंडाव्यात जिवंत ठेवून अभ्यासायला शिमल्यात प्रयोगशाळा उभी केली.

उत्तर वेगळंच निघालं. भारतात दरवर्षीच्या रोगाला बार्बेरी कारण नव्हती. थंड डोंगरांत उन्हाळ्यातही गहू उभा असतो, काही पेरलेला, काही आपोआप उगवलेला. उत्तरेत हिमालय, दक्षिणेत निलगिरी आणि पळणी. तांबेरा तिथे उन्हाळा काढतो आणि मग वाऱ्यावर बसून मैदानात उतरतो.

१९४६-४७ मध्ये काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातला गहू झोपवला, तेव्हा हा प्रश्न किती मोठा आहे ते देशाला कळलं. मेहता १९५० मध्ये गेले. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग १९५२ मध्ये, त्यांच्या मागे निघाला. पुढच्या शास्त्रज्ञांनी वाट आणखी नेमकी केली: नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठली की दक्षिणेतल्या डोंगरांवरचे बीजाणू मध्य भारतापर्यंत पोचतात आणि पावसासोबत खाली येतात. नवं वाण तांबेऱ्याला तोंड देतं का, हे आजही शिमल्यात तपासलं जातं.

तेव्हा गव्हावर तांबेरा दिसला की लगेच शेतकऱ्याच्या नावाने बोटं मोडू नका. तो शेकडो किलोमीटरवरून आलेला असू शकतो. येत्या जानेवारीत शेतात गेलात तर पानावरून बोट फिरवून बघा. विटकरी पूड लागली, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला कळवा. उशीर करू नका, वारा थांबत नाही.