तडजोड, पण ताठ मानेने! – कर्मवीर दादासाहेब गायकवाड

थर्ड इयरला आलं की 'सॉफ्ट स्किल्स' नावाचं भूत मानगुटीवर बसतं. ग्रुप डिस्कशन, मॉक इंटरव्ह्यू आणि त्यातच एक लेक्चर 'निगोशिएशन'वर. दोन्ही बाजूंचा फायदा कसा साधायचा, टेबलावर कसं बसायचं, आवाज किती ठेवायचा वगैरे वगैरे. उदाहरणं सगळी अमेरिकेतल्या कंपन्यांची! पण समोरचा माणूस आपल्याला टेबलावर बसूच देत नसेल तर? त्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. ते मिळालं आपल्याच पंचवटीत.

आजीचा हात धरून मी लहानपणापासून काळाराम मंदिरात जाते. त्याच दारासमोर आत जाण्याच्या हक्कासाठी माणसं उन्हातान्हात उभी राहिली होती, हे मला, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला, कॉलेजात आल्यावर कळलं. कळलं तेव्हा खरं सांगते, लाज वाटली. त्या लढ्याचा नाशिकमधला सगळा भार ज्यांनी वाहिला, त्यांचं नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड. सगळा महाराष्ट्र त्यांना 'दादासाहेब' म्हणतो.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. तरुणपणीच ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत आले. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते सत्याग्रह समितीचे सचिव होते. वय अवघं सत्तावीस! म्हणजे आपल्यापेक्षा फक्त सात-आठ वर्षांनी मोठे. त्या दिवशी सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक शांतपणे गोदाकाठी गेली, सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दारांसमोर ठाण मांडायचं ठरलं. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या.

मध्यस्थीचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखाली समेटासाठी नाशिककरांची सभा भरली. पण सनातनी मंडळींनी दगड आणि जोडे फेकून ती उधळली. म्हणजे मध्यस्थ कितीही मोठा असला, तरी एका बाजूला समेट नकोच असेल तर तो तरी काय करणार?

त्यानंतर ९ एप्रिलला रथयात्रा आली. या वेळी मात्र तडजोड झाली. दोन्ही बाजूंच्या निवडक धट्ट्याकट्ट्या माणसांनी मिळून रामाचा रथ ओढायचा असं ठरलं. विचार करा, मंदिराच्या आत नाही तर निदान रथाच्या दोराला हात! मागणीच्या मानाने किती छोटी गोष्ट, तरी सत्याग्रहींनी ती मान्य केली. पण ऐन वेळी त्यांचा हात दोराला लागायच्या आतच रथ पळवून नेण्यात आला. दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही लागलं. शब्द देऊन तो मोडला होता.

इथे आपण असतो तर काय केलं असतं? एक तर हाणामारी, नाहीतर सगळं सोडून घरी. दादासाहेबांनी दोन्ही केलं नाही. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि नाशिकची आघाडी दादासाहेबांनी सांभाळली. कार्यकर्त्यांना धीर द्यायचा, पैशांची जमवाजमव करायची, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी चूल पेटते की नाही ते बघायचं आणि या सगळ्यात कोणाचा हात उठू द्यायचा नाही! बाबासाहेबांची पत्रं त्यांना येत राहिली. त्यांनी ती जपून ठेवली म्हणून आज आपण ती पुस्तकात वाचू शकतो.

सुमारे पाच वर्षं चालूनही दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिर सत्याग्रह थांबवायचं ठरलं. वरवर बघितलं तर ही हार. पण मला तसं वाटत नाही. जिथे शब्द पाळला जात नाही तिथे किती दिवस उभं राहायचं आणि कधी पाठ फिरवायची, हे कळणं हासुद्धा वाटाघाटीचाच भाग नाही का?

पुढे दादासाहेब १९३७ ला मुंबई विधिमंडळात निवडून गेले. बाबासाहेबांच्या मागोमाग त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्याने ते नाशिकचे खासदार झाले. त्या समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, हिंदू महासभाही होती! ज्यांच्याशी एरवी पटलं नसतं, त्यांच्याशी एका मुद्द्यापुरतं जुळवून घेणं त्यांना वर्ज्य नव्हतं.

पण माझ्या मते त्यांची खरी कमाई म्हणजे भूमिहीनांचा सत्याग्रह. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही साधी मागणी. १९५९ ला महाराष्ट्रात एक लढा झाला. मग १९६४ ला दादासाहेब आणि रिपब्लिकन पक्षाचे नेते आधी मागण्यांची सनद घेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना भेटले. आधी चर्चा, आंदोलन नंतर. चर्चेतून काही निघेना, तेव्हा ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. सुमारे तीन लाख लोक तुरुंगात गेले. मग सरकार पुन्हा बोलायला बसलं आणि बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य झाल्या. १९३० ला दार बंद करून घेणं सोपं होतं, १९६५ ला तीन लाख माणसांकडे पाठ फिरवणं दिल्लीलाही जमलं नाही.

मान्य झालेलं सगळं लगेच मिळालं असं मात्र नाही. संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावावं, ही त्या सनदेतलीच एक मागणी. ते लागलं १९९० साली! भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी राज्य सरकारची योजना २००४ साली आली. तिला नाव आहे दादासाहेबांचंच.

त्यांच्या सगळ्याच तडजोडी आपल्या माणसांना पटल्या असंही नाही. १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी समझोता करण्यावरून रिपब्लिकन पक्षात उभी फूट पडली. बाहेरच्यांशी समेट साधणाऱ्या माणसाला घरातला समेट साधता आला नाही, याचं वाचताना वाईट वाटतं. १९६८ ला त्यांना पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले.

आपल्याकडे गॅदरिंगला स्टेज कोणाला आधी मिळणार यावरून दोन डिपार्टमेंट महिना-महिना बोलत नाहीत. मग कोणीतरी म्हणतं, जाऊ दे ना, मिटवून टाका. पण मिटवणं म्हणजे दुबळ्याने गप्प बसणं नव्हे, हे मी दादासाहेबांकडून शिकले. आधी बोलावं. ऐकलं नाही तर हात न उचलता ठाम उभं राहावं. आणि समोरचा बोलायला तयार झाला, की जुना राग बाजूला ठेवून पुन्हा बसावं.

परवा आजीबरोबर पुन्हा मंदिरात गेले होते. या वेळी आत जाण्याआधी दारातच थांबले आणि आजीला हे सगळं सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. दोघी बराच वेळ तिथेच उभ्या होतो.