नाव देणारा आणि नावे ठेवणारा

अकरावी-बारावीच्या मुलांची गाडी सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात अडते, ती बहुधा शब्दांपाशी. समघटक, बहुवारिक, उत्प्रेरक, प्रथिन. व्याख्या पाठ करायच्या, पेपरात उतरवायच्या आणि सुट्टीत विसरून जायच्या. कुठल्याशा समितीने एका दुपारी बसून हे सगळे ठरवले असावे, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात या चारही शब्दांची मूळ युरोपीय रूपे एकाच माणसाची. शिवाय मूलद्रव्यांसाठी आपण जी अक्षरे लिहितो, तीही त्याचीच. यन्स याकोब बर्झेलियस हा तो स्वीडिश गृहस्थ.

गंमत अशी की, यातले बहुतेक शब्द त्याने दिले तेव्हा त्यामागची गोष्ट त्यालाही नीट उमगलेली नव्हती. कोडे दिसले की त्याला आधी नाव द्यायचे, उलगडा पुढच्यांनी करावा, असा त्याचा खाक्या. ही एक प्रकारे भविष्यकाळावर काढलेली हुंडी होती. काही हुंड्या वटल्या, काही परत आल्या.

बर्झेलियसचा जन्म २० ऑगस्ट १७७९ रोजी स्वीडनमधल्या व्हेव्हरसुंडा या खेड्यात झाला. चार वर्षांचा असताना वडील गेले. आईने दुसरे लग्न केले, पण तीही लवकरच गेली. मुलाचे बालपण आधी सावत्र वडिलांकडे आणि मग मामाच्या घरी गेले. पुढे शिकवण्या करीत त्याने उप्सालाला वैद्यकीचे शिक्षण घेतले. १८०२ सालचा त्याचा प्रबंध रोग्यांवर विजेच्या प्रवाहाचा काय परिणाम होतो या विषयावर होता. रोग्यांना त्याचा फारसा गुण आला नाही. बर्झेलियसला मात्र विजेचे वेड लागले ते कायमचे. हिसिंगर या खाणमालक मित्राबरोबर त्याने क्षारांच्या द्रावणांतून वीज सोडून पाहिली. पदार्थाचे घटक दोन ध्रुवांकडे वेगवेगळे जातात हे १८०३ मध्ये दिसले आणि त्याच्या मनात एक चौकट पक्की बसली : प्रत्येक संयुग म्हणजे धन आणि ऋण अशा दोन भागांची जोडी. या चौकटीने त्याला मोठे केले आणि शेवटी तिनेच अडवले.

१८०७ मध्ये तो स्टॉकहोमला प्राध्यापक झाला. प्रयोगशाळा म्हणजे राहत्या घरातल्या खोल्या, शेजारीच स्वयंपाकघर. भांडी घासायला, स्वयंपाकाला आणि प्रयोगात हात द्यायला अ‍ॅना नावाची एकच बाई. जर्मनीहून शिकायला आलेल्या फ्रीडरिश व्होलरने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका भांड्याला ऑक्सिजनयुक्त म्युरिअ‍ॅटिक आम्लाचा वास येतो, असे अ‍ॅना म्हणाली. तेव्हा बर्झेलियसने तिला सांगितले की, आता तसे म्हणायचे नाही, क्लोरीन म्हणायचे, तेच बरे. यात विनोद नाही. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असे हम्फ्री डेव्हीने १८१० मध्येच मांडले होते आणि बर्झेलियस त्याला वर्षानुवर्षे विरोध करीत आला होता. आपण हरलो हे त्याने स्वयंपाकघरात, घरच्या बाईपाशी, असे कबूल केले. मला हा बर्झेलियस सर्वांत आवडतो.

अणुभार काढण्यासाठी त्याने सुमारे दोन हजार संयुगांचे पृथक्करण केले. सिलेनियम त्याने शोधले, सिलिकॉन वेगळे केले. पण ती कथा निराळी, आपण शब्दांकडे वळू.

सेंद्रिय रसायनशास्त्र हा शब्दप्रयोग त्याने १८०६ च्या सुमारास रूढ केला. इंद्रिये असलेल्या, म्हणजे सजीव शरीरांत बनणाऱ्या पदार्थांचे शास्त्र, असा त्याचा अर्थ. आपला 'सेंद्रिय' शब्दही तोच अर्थ धरून बसला आहे. असे पदार्थ घडवायला जीवनशक्ती लागते, ते काचेच्या भांड्यात होणे नाही, अशी त्या काळची समजूत होती आणि बर्झेलियसचीही. १८२८ मध्ये त्याच्याच शिष्याने, व्होलरने, त्याला कळवले की, मूत्रपिंडाची मदत न घेता आपण युरिया बनवला आहे. जीवनशक्ती एका दिवसात मेली नाही, पण तिला घरघर लागली. शब्द मात्र टिकला. आज कार्बनच्या संयुगांचे शास्त्र असा त्याचा सरळ अर्थ आहे.

या युरियाने आणखी एक पेच टाकला. तो ज्या अमोनियम सायनेटपासून बनला, त्यात आणि युरियात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांचे प्रमाण अगदी सारखे. त्याआधी व्होलरचे सिल्व्हर सायनेट आणि लीबिगचे स्फोटक सिल्व्हर फल्मिनेट यांचेही घटक सारखेच निघाले होते. आधी बर्झेलियसचा विश्वास बसेना. मग त्याने स्वतः टार्टारिक आम्ल, म्हणजे आपल्या चिंचेतले आम्ल, आणि द्राक्षांपासून मिळणारे रेसिमिक आम्ल तपासले. प्रमाण तेच! १८३० मध्ये त्याने ग्रीक भाषेतून शब्द घडवला : आयसोमर, समान भागांचे. अणू तेच असूनही मांडणी निराळी असू शकते, ही सेंद्रिय रसायनाची गुरुकिल्ली या शब्दात होती.

दरसाल तो जगभरच्या रसायनशास्त्राचा आढावा लिहायचा आणि कोणालाही नावे ठेवायला कचरायचा नाही. १८३५ च्या आढाव्यात त्याने काही विखुरलेली निरीक्षणे एकत्र आणली. आम्ल घालून उकळले की स्टार्चची साखर होते, पण आम्ल तसेच उरते. प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजन सोडला की हवेत तो पेट घेतो, प्लॅटिनम मात्र जिथल्या तिथे. या किमयेला त्याने कॅटॅलिसिस म्हटले, आपले उत्प्रेरण. त्यामागे एक नवी शक्ती असावी, असेही सुचवले. लीबिग चिडला. नव्या शक्तीला नवे नाव दिले की लोकांना उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि शोध तिथेच थांबतो, हा त्याचा आक्षेप. आक्षेप रास्त होता, असे म्हणावे लागते.

उलगड्याला अर्धे शतक लागले. तरुणपणी स्टॉकहोमला येऊन बर्झेलियसला भेटून गेलेल्या हेसने १८४० मध्ये दाखवले की, अभिक्रियेत एकूण उष्णता किती सुटते हे आरंभ आणि शेवट यांवरच ठरते, मधल्या वाटेवर नाही. मग वाटेचे महत्त्व काय? ते १८८९ मध्ये दुसऱ्या एका स्वीडिश माणसाने, अऱ्हेनियसने, उसाच्या साखरेवरच्या अभिक्रियेतून सांगितले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे एक मोल पाणी होताना सुमारे २८६ किलोजूल उष्णता बाहेर पडते. तरीही ते मिश्रण खोलीत वर्षानुवर्षे स्वस्थ राहते, कारण उताराला लागण्यापूर्वी एक घाट चढावा लागतो. हा चढ म्हणजे सक्रियण ऊर्जा. प्लॅटिनम कमी चढाची दुसरी वाट देते. दोन्ही टोकांच्या गावांची उंची बदलत नाही, म्हणून २८६ चा आकडाही बदलत नाही. बर्झेलियसची 'शक्ती' गेली, उत्प्रेरण राहिले.

त्याच १८३५ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्याने चोवीस वर्षांच्या एलिझाबेथ पोप्पिउसशी लग्न केले. राजाने आहेर म्हणून सरदारकी दिली. अ‍ॅनाने घर सोडले.

पुढची वर्षे कडवट गेली. फ्रान्समध्ये द्यूमाने अ‍ॅसेटिक आम्लातले तीन हायड्रोजन काढून तिथे तीन क्लोरीन बसवले. बर्झेलियसच्या हिशेबी हायड्रोजन धन, क्लोरीन ऋण, तेव्हा एकाच्या जागी दुसरा बसूच शकत नाही. तरी आम्ल आम्लच राहिले. १८४२ मध्ये मेल्सेन्सने क्लोरीन काढून मूळचे अ‍ॅसेटिक आम्ल परतही मिळवले. बर्झेलियस नवनवी क्लिष्ट सूत्रे लिहून चौकट सावरत राहिला. तरुण रसायनशास्त्रज्ञ ती वाचेनासे झाले. ७ ऑगस्ट १८४८ रोजी स्टॉकहोममध्ये त्याचे निधन झाले. ती चौकट त्याने शेवटपर्यंत सोडली नव्हती.

द्यूमाचे ते तीन क्लोरीनवाले आम्ल आजही पाठ्यपुस्तकात आहे. साध्या अ‍ॅसेटिक आम्लापेक्षा ते हजारो पटींनी तीव्र असते. कारण विचारले तर मुले लिहितात : क्लोरीन ऋणविद्युती आहे, तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो.