वाचणारा एक, ऐकणारे अनेक : पंडिता रमाबाई आणि प्रकटीकरणाची सुरुवात



प्रकटीकरणाचे पुस्तक म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे सात डोक्यांचे श्वापद, रणशिंगे, भूकंप आणि ६६६ हा आकडा उभा राहतो. अधूनमधून कोणीतरी हातात पत्रक देतो आणि त्यात जगाच्या अंताची तारीखही छापलेली असते. मागे मिस्सा संपल्यावर एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, की हे पुस्तक घरात मोठ्याने वाचले तर चालते का, काही वाईट तर होत नाही ना. मला हसू आले, पण घरी गेल्यावर वाटले, हा दोष आजींचा नाही. आम्ही धर्मगुरूंनी हे पुस्तक नीट उघडून दाखवलेले नाही.

त्याची पहिली तीन वचने शांतपणे पाहा. योहान पात्म बेटावर आहे. बहुतेक अभ्यासक हा काळ इ. स. ९५ च्या सुमाराचा, सम्राट डोमिशनच्या राजवटीचा मानतात. तो आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील, सात ख्रिस्ती मंडळ्यांना लिहितो आहे. त्याचा पहिलाच ग्रीक शब्द आहे 'अपोकालुप्सिस'. त्याचा साधा अर्थ झाकण काढणे, पडदा बाजूला करणे. विध्वंस हा अर्थ त्या शब्दात नाही. आणि तिसऱ्या वचनात भीती नव्हे, आशीर्वाद आहे. जो हे मोठ्याने वाचतो तो धन्य, जे ऐकतात ते धन्य, आणि ऐकून त्याप्रमाणे वागतात ते धन्य. मूळ ग्रीकमध्ये वाचणारा एकवचनी आहे आणि ऐकणारे अनेकवचनी. गुंडाळी महाग, अक्षर येणारे थोडे, म्हणून एक वाची आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. म्हणजे आजींनी ज्याची भीती घेतली होती, नेमके त्याच कृतीला योहान धन्य म्हणतो.

हे वचन मला खऱ्या अर्थाने उलगडले ते एका मराठी बाईंच्या चरित्रातून. पंडिता रमाबाई यांचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. त्या कॅथलिक नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. पण आयुष्यभर धर्मग्रंथ मोठ्याने वाचणारी आणि शेवटी तो ऐकणाऱ्यांना समजावा म्हणून झिजलेली अशी दुसरी व्यक्ती महाराष्ट्रात मला माहीत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे स्वतःचे समर्थन करावे लागले होते. पुढे आईने पहाटे उठवून रमाबाईंना शिकवले आणि भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. दानधर्मात आणि पाहुणचारात संपत्ती गेली, तेव्हा हे कुटुंब पुराणिकाचा व्यवसाय करीत तीर्थोतीर्थी फिरू लागले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचे आणि पुराण मोठ्याने वाचायचे. लोक देवाला नमस्कार करून येत, ऐकत, आणि फुले, फळे, कापड, पैसे पोथीपुढे ठेवून जात.

यात एक गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. आपल्याकडच्या सप्ताहात महाराज मराठीत सगळे फोडून सांगतात. रमाबाईंचे कुटुंब मात्र फक्त संस्कृत वाचीत असे, लोकभाषेत अर्थ सांगत नसे. वाचणाऱ्याला वाचल्याचे पुण्य, ऐकणाऱ्याला ऐकल्याचे पुण्य, समजले पाहिजे असे नाही. ही आठवण रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवली आहे. आपण याला नावे ठेवण्याआधी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट दिली. तोवर आपलीही मिस्सा लॅटिनमध्येच होती, आणि न समजणारे शब्द आपल्याही आजी-आजोबांनी श्रद्धेने ऐकले. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. पण योहानाच्या वचनातील तिसरी पायरी, ऐकून त्याप्रमाणे वागणे, ही समजल्यावाचून कशी चढायची?

मद्रास इलाख्यातील दुष्काळात हे कुटुंब उपासमारीने खचले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमाबाई, पायी देश हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला, १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले होते. पुढे पुण्यात आर्य महिला समाज, मग १८८३ मध्ये इंग्लंड. तेथे वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहून २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैद्यकी शिकायची इच्छा होती, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ती सोडावी लागली.

वाँटेजला त्यांचे आणि धर्मभगिनींचे पुष्कळ खटके उडाले. अधिकारी सांगतात म्हणून एखादी शिकवण स्वीकारायला त्या तयार नसत. शास्त्रात दाखवा आणि मला पटू द्या, असा त्यांचा आग्रह असे. धर्मगुरू म्हणून हा भाग वाचताना मी थोडा अस्वस्थ होतो, आणि त्रैक्याविषयीच्या त्यांच्या त्या वेळच्या शंका मला मान्य नाहीत. तरी ज्या बाईने लहानपणी अर्थाविना पुराण वाचले, तिने मोठेपणी अर्थाचा हट्ट धरला, यात मला विसंगती दिसत नाही.

परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले, पुढे ते पुण्याला गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात ठेवल्या. उपासमार काय असते हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. तो प्लेगचाही काळ होता. अशा काळात प्रकटीकरणातील घोडेस्वार मोजत बसणारे कमी नसतात. केडगावला विहिरी खोदल्या जात होत्या, शेती, विणकाम आणि छपाई शिकवली जात होती, आणि अक्षरओळख चालू होती.

याच बायकांसाठी त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. उपलब्ध भाषांतर संस्कृतप्रचुर होते. खेड्यातून आलेल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला ते कळत नसे. जिला संस्कृत मातृभाषेसारखे येत होते, तीच बाई संस्कृत शब्द वेचून बाहेर काढू लागली. कारण काही शब्दांबरोबर जुन्या कल्पनाही चिकटून येतात, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. हे काम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालले.

भाषांतर करणाऱ्याला प्रवचनकारासारखी सवलत नसते, हे मला सेमिनरीत ग्रीकची वचने सोडवताना कळले. 'येशू ख्रिस्ताचे प्रकटीकरण' म्हणजे ख्रिस्ताने केलेले, की ज्यात ख्रिस्तच प्रकट होतो ते? ग्रीकमध्ये दोन्ही अर्थ निघतात. सुदैवाने मराठीतल्या 'चे' या प्रत्ययातही दोन्ही निघतात. पण त्याच वचनात या गोष्टी 'लवकर' घडणार असे आहे, तिथे ग्रीक शब्दांचा अर्थ थोड्याच काळात असाही होतो आणि झपाट्याने असाही. मी प्रवचनात दोन्ही सांगून मोकळा होतो. भाषांतरकाराला एक शब्द लिहून पुढच्या ओळीवर जावे लागते. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत अशा किती ओळी रमाबाईंनी एकेक करून ओलांडल्या असतील!

त्यांची मराठी सर्वांना आवडली नाही. काहींना ती ओबडधोबड वाटली, आणि मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. मलाही ग्रंथाची भाषा थोडी भारदस्त असावी असे वाटते. पण आमच्या वाचकांनी रविवारी घाईघाईने उरकलेले भारदस्त वाचन मागच्या बाकांवर कोणाला कळले, असे स्वतःला विचारले की रमाबाईंशी वाद घालण्याचा माझा उत्साह कमी होतो.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईच्या मागे मुक्ती सदन तीच सांभाळेल अशी सर्वांची अपेक्षा होती. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, तरी मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते संपत आले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचे निधन झाले. १९२४ मध्ये सबंध ग्रंथ मुक्ती सदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्या छापखान्यात मुक्तीतल्याच बायका-मुली काम करीत होत्या.