फोनला 'आपण कुठे आहोत' हे कळावं म्हणून खपलेला ड्रमर शास्त्रज्ञ

किल्ल्याच्या दरवाजासमोर उभं राहून फोन काढला आणि त्याच दरवाजाची माहिती स्क्रीनवर आली, तर आज कुणाला नवल वाटत नाही. जीपीएस, कॅमेरा, होकायंत्र सगळं खिशातच असतं. त्यामुळे धडा वर्गातच व्हायला हवा असं राहिलेलं नाही.

पण १९८८ साली कॉम्प्युटर म्हणजे टेबलावरचा ठोकळा होता. माणसानेच त्याच्यापुढे जाऊन बसायचं. हे उलटं व्हायला हवं, असं मार्क वायझर यांना वाटत होतं.

१९५२ मध्ये अमेरिकेत जन्मलेले वायझर मेरीलँड विद्यापीठात शिकवायचे. १९८७ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात आले. तिथे त्यांच्या टीमने तळहातावर मावणारं 'पार्कटॅब' बनवलं. खोलीच्या छतावर इन्फ्रारेड यंत्रं बसवलेली असायची. त्यांच्यामुळे तो टॅब कोणत्या खोलीत आहे हे सिस्टीमला कळायचं आणि त्या जागेला लागू पडेल ती माहिती देता यायची. जागा, वेळ, आजूबाजूची माणसं ओळखून वागणारी आजची शिकण्याची अ‍ॅप्स याच वाटेवरची.

गडी नुसता पुस्तकी नव्हता बरं का. 'सिव्हिअर टायर डॅमेज' या बँडमध्ये ते ड्रम वाजवायचे. जून १९९३ मध्ये इंटरनेटवर लाईव्ह वाजवणारा हा पहिला बँड ठरला. पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम इंटरनेटवर दिसण्याआधी हे पठ्ठे त्याच वाटेने आधी वाजवून मोकळे झाले!

१९९१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा गाजलेला लेख आला. रस्त्यावरच्या पाट्या आपण वाचतो, पण 'वाचतोय' हे जाणवत नाही. कॉम्प्युटरही तसाच विरून जावा, हा त्यांचा मुद्दा. माणूस कुठे आहे हे यंत्राला कळलं की त्याच्यावर पाळतही ठेवता येते, हा धोकाही त्यांनी तेव्हाच मांडला होता.

पार्कमध्ये एका कलाकार मैत्रिणीने छताला मोटर लावून एक लांब वायर टांगली होती. नेटवर्कवर गर्दी झाली की ती गरगरायची, नसली की जराशी थरथरायची. वायझरना हवं होतं ते असं, गुपचूप सांगणारं तंत्रज्ञान. आपला फोन मात्र दिवसभर टुणटुण करत असतो. म्हणजे सेन्सर आले, शांतता काही आली नाही.

२७ एप्रिल १९९९ रोजी कर्करोगाने ते गेले. वय अवघं ४६. आयफोन यायला तेव्हा अजून आठ वर्षं होती.